अप्पांच्या लॅपटॉपचं वायफाय

कुणी मला कॉम्प्युटरबद्दल काही विचारलं की हल्ली मी दुसरीकडंच बघतो. नांदेडला एका कॉलेजच्या ऑफिसात मी कारकून आहे, पण कारकुनी राहिली बाजूला. प्रिंटर अडला, बोलवा याला. पासवर्ड विसरला, बोलवा याला. साहेबांच्या मेहुण्याच्या मोबाइलमधले फोटो गायब झाले, तरी मीच. आठवडाभर हे केल्यावर रविवारी वाटतं, आडवं पडावं, पंख्याकडं बघत राहावं, बस्स. आणि त्या रविवारी सकाळीच कंधारहून फोन आला.

फोन अप्पांचा नव्हता. माझ्या वडिलांना ऐकूच येत नाही, ते कुठला फोन करतात! फोन होता शेजारच्या काकूंचा, ज्या त्यांना दोन्ही वेळचा डबा देतात. "तुमच्या अप्पाचं कायतरी बघा बाबा," काकू म्हणाल्या. "दसऱ्यापासून त्या कॉम्प्युटरवर लेक दिसंना झालीय. मागच्या रविवारी धुतलेला सदरा, टोपी घालून त्या बंद डबड्यासमोर दिवे लागेपर्यंत बसले होते. जेवण बी धड न्हाई. मला लई कसंतरी वाटलं."

लेक म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. ती लातूरला. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं तिला घराचा उंबरा ओलांडता येत नाही. आणि अप्पा कंधार सोडायला तयार नाहीत. आई गेल्यापासून बापलेकीची भेट ती काय रविवारी संध्याकाळी, लॅपटॉपवर. अप्पांचं कापडाचं दुकान होतं. कान हळूहळू गेले, तसे ते गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकले. पुढं पुढं तर एवढे तयार झाले, की गिऱ्हाईक बायकोशी हळूच काय कुजबुजलं तेही त्यांना कळायचं. कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण ते लावलं की कुणी कानात भांडी घासतंय असं वाटतं म्हणतात. मोबाइलवर अक्काचं तोंड दिसतं रुपयाएवढं, त्यात अप्पांच्या डोळ्यात मोतीबिंदू. मेसेज पाठवून बघितले. ते वाचतात आणि म्हणतात, "ह्यानं बातमी कळते. लेक न्हाई कळत."

म्हणून मी माझा जुना लॅपटॉप त्यांना नेऊन दिला होता. त्याच्यावर विंडोज उघडेस्तोवर चुलीवर भाकरी भाजून व्हायची. ते काढून टाकलं आणि एक हलकं लिनक्स टाकलं, जुन्या मशीनवर पळणारं. पडद्यावर एकच मोठं चित्र ठेवलं: अक्काचा फोटो. त्याच्यावर बाण नेऊन बटण दाबलं की लातूरला घंटी वाजणार. त्या वेळी वायफायच्या ड्रायव्हरनं, म्हणजे ते चालवणाऱ्या बारक्या सॉफ्टवेअरनं, मला रडवलं होतं, पण एकदा बसला तो बसला. वर्षभर कुरबूर नव्हती.

तर निघालो. यष्टी नेहमीसारखी खचाखच, दसरा सरला तरी उन्हाचा चटका तसाच. रस्ताभर मी मनात शिव्या घालत होतो. कुणाला? स्वतःलाच. कारण मागच्या खेपेला, नवरात्राच्या आधी, मीच तिथं बसून सगळे अपडेट चालवले होते. चांगलं चाललेलं मशीन, काय गरज होती हात लावायची? खाजच ना! अपडेटनं ड्रायव्हर उडवला, हे मी बसमध्येच ठरवून टाकलं.

अप्पा दारातच उभे होते. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, ते गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "आलास! बरं झालं! लई वाट बघून राहिलो होतो!" मी पायावर डोकं ठेवलं आणि चपला काढतो न काढतो तोच लॅपटॉप उघडून बसलो. संध्याकाळच्या आत हे चालू व्हायला हवं होतं. अक्काला मी तसं कळवूनही बसलो होतो.

कोपऱ्यातल्या वायफायच्या खुणेवर लाल फुली. नेटवर्कांची यादी उघडली, तर कोरी. आमचं नाही, शेजारच्यांचं नाही, समोरच्या मेडिकलवाल्याचंही नाही. राउटर ठणठणीत होता, माझ्या मोबाइलला त्याच्यावरूनच नेट मिळत होतं. म्हणजे दुखणं लॅपटॉपचंच. मशीन बंद करून चालू केलं. फुली जागेवर.

"काय झालंय?" अप्पांनी विचारलं.

"अपडेटनं ड्रायव्हर गेलाय," मी पडद्याकडं बघत म्हणालो.

"आं? दसऱ्यापर्यंत चांगलं होतं बरं का! खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बी अक्का दिसली होती!"

"हो हो, बघतो," मी म्हणालो आणि काळ्या खिडकीत कमांडा टाकायला लागलो.

माझा मोबाइल केबलनं जोडला, तर त्याचं नेट लॅपटॉपला मिळायला लागलं. आजच्यापुरतं तेवढ्यावरही भागलं असतं. पण मी गेल्यावर पुढच्या रविवारी त्यांच्या मोबाइलला केबल कोण जोडणार, सेटिंगमध्ये जाऊन ते बटण कोण चालू करणार? अप्पांना मागं एकदा शिकवून बघितलं होतं. त्यांची जाड बोटं भलतीकडंच पडतात, मग मोबाइल विमानात गेलेला असतो. नाही, मुळातलंच दुखणं काढायला हवं होतं. ड्रायव्हर उपटून काढला. पुन्हा उतरवून घेतला. पुन्हा बसवला. मशीन बंद, मशीन चालू. फुली.

अप्पांनी चहा आणून ठेवला. तो निवला. त्यांनी काहीतरी विचारलं, मी मान हलवली. स्टूल ओढून ते माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले आणि वाकून वाकून बघायला लागले. मला वाटलं, त्यांना पडदा बघायचाय. त्यांच्या सदऱ्याचा पांढरा उजेड पडद्यावर पडत होता, अक्षरं दिसेनात. "सरका ना अप्पा जरा," मी हातानं खूण केली. ते स्टूल घेऊन मागं सरकले.

मग अपडेटच्या आधीचं जुनं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडून मशीन चालू केलं. फुली. कुठल्याशा फोरमवर एकानं लिहिलं होतं, अमुक फाइलमध्ये तमुक ओळ घाला. घातली. फुली. दुसऱ्यानं लिहिलं होतं, ती ओळ चुकूनही घालू नका. काढली. मायला, काय माणसं आहेत! दुपार कलली, पाठीचा काटा मोडून आला, डोळ्यांत वाळू गेल्यागत व्हायला लागलं. "वाढू का?" असं अप्पा विचारत होते बहुतेक. "थांबा," मी हात हलवला. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. पुन्हा हात हलवला. तिसऱ्यांदा चिडलोच. "अहो, तुमचंच काम चाललंय ना!" मी पडद्यावर ओरडलो. त्यांना ते ऐकू आलं नाही, एवढंच बरं.

शेवटी हात टेकले. खरंच टेकले, पालथे, टेबलावर. हरलेला माणूस उगीच काहीतरी करत राहतो, तशी मी एक बारकी कमांड टाकली. वायफायचा रेडिओ कुणी अडवून धरलाय का, एवढंच ती सांगते. खरं तर ती सगळ्यात आधी टाकायची असते. पण रोग आपल्याला बसमध्येच कळलेला असला, की तपासणी कोण करतंय?

दोन ओळी आल्या. सॉफ्ट ब्लॉक: नो. हार्ड ब्लॉक: येस.

मी ते वाचलं, पुन्हा वाचलं. पहिल्याचा अर्थ, आतून कुणी अडवलेलं नाही. दुसऱ्याचा अर्थ, बाहेरून, हातानं, बटण बंद केलंय. बटण! या जुन्या मशीनला पुढच्या कडेला वायफायचं एक सरकतं बटण आहे, नखाएवढं. माझ्याकडं एवढी वर्षं होतं, पण मी त्याला कधी हात लावला नव्हता, म्हणून ते माझ्या लेखी नव्हतंच. लॅपटॉप उचलून उलटा धरला. बटण एका टोकाला गेलेलं, आणि त्याच्या खाचेत पांढरं काहीतरी घट्ट बसलेलं. बोटानं कोरलं. विभूती होती.

मग झाकण बघितलं. सकाळी उघडताना बघितलंच नव्हतं. पुसलेल्या तीन पट्ट्यांच्या अंधुक खुणा, कोपऱ्यात हळदीचं एक बोट.

खंडेनवमी! आमच्या घरी त्या दिवशी दुकानातला लोखंडी गज, कात्री, आईचं शिलाई मशीन, सगळं पाटावर मांडतात. दुकान गेलं तरी अप्पा मांडतात. यंदा लॅपटॉपही मांडला होता. त्याला विभूतीचे पट्टे ओढले, बेलाचं पान वाहिलं, फूल वाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं अंगाखांद्यासकट पुसून काढला, लेकराला पुसावं तसा. त्या पुसण्यात बटण सरकलं आणि ओल्या विभूतीनं तिथंच बसलं. दसऱ्यापर्यंत चांगलं होतं, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अक्का दिसली होती. सकाळी सकाळी घसा ताणून सांगितलं होतं त्यांनी.

काडेपेटीतल्या काडीनं खाच साफ केली. बटण सरकवलं. फुली गेली. आमचं नेटवर्क, शेजारच्यांचं, मेडिकलवाल्याचं, सगळी नावं भराभर खाली उतरली. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. नुसतं दमायला झालं.

संध्याकाळ झालीच होती. अप्पांना खूण केली. ते आत गेले, सदरा बदलून, टोपी घालून आले. अक्काच्या फोटोवर बाण नेऊन त्यांनी स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. घंटी वाजली आणि अक्का आली, खिडकीतला उजेड तोंडावर येईल अशी बसलेली, नेहमीसारखी. ती त्यांच्याशी बोलताना मान हलू देत नाही, पदर तोंडाजवळ येऊ देत नाही, एकेक शब्द ओठांवर ठेवून मग सोडते. अप्पांचे डोळे तिच्या तोंडावर खिळले होते. दिवसभरात त्यांचा चेहरा सैल झालेला मी तेव्हाच बघितला.

"जेवलात का अप्पा?" अक्कानं विचारलं.

"कुठलं जेवतो!" अप्पा गडगडले. "ह्याच्यासाठी थांबलो. सकाळपासून हा माझ्याशेजारी बसून कायतरी बोलून राहिलाय. जेवू म्हणतोय का थांब म्हणतोय, कायच कळंना. बाजूला जाऊन तोंड बघायला गेलो तर सरक म्हणला." अक्कानं माझ्याकडं बघितलं. पडद्याच्या कडेला माझा फक्त खांदा दिसत असणार. अप्पांना मी शेजारी आहे हे ध्यानातच नव्हतं, किंवा होतं. "तू सांग ह्याला," ते म्हणाले. "आता हे चालू झालंय तर नांदेडहून ह्याच्यावरच येत जा म्हणावं. घरी आला की ह्याचं तोंड दिसत न्हाई."

पुढं त्यांचं बराच वेळ चाललं, सासूचं, कढीपत्त्याच्या झाडाचं, काकूंच्या हातच्या भाजीतल्या मिठाचं. शेवटच्या गाडीची वेळ होऊन गेली. मी उठलो नाही.

पडदा काळा झाल्यावर अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी लॅपटॉप मिटला. खुर्ची उचलली, वळवली आणि त्यांच्या अगदी समोर, दिव्याचा उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी ठेवून बसलो. आवाज काढलाच नाही. त्यांना आवाजाशी काय करायचंय!

"अप्पा," मी ओठ हलवले, सावकाश, अक्कासारखे, "मला भूक लागलीय."

त्यांनी माझ्या तोंडाकडं टक लावून बघितलं.

"हां, आत्ता कळलं," ते म्हणाले, आणि डबा गरम करायला उठले.