चारशे चौऱ्याण्णवचा दगड

मुकादमाच्या हातात कोणताही कागद आला, की तो आधी उजेडाकडे धरायचा, मग उलटा करायचा आणि मग वाचायचा. विजेचं बिल असो नाहीतर भाचीचं पत्र, हा सोपस्कार चुकायचा नाही. उजेडात नेमकं काय दिसायला हवं होतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण न तपासता विश्वास ठेवणं म्हणजे आपणहून मान पुढे करणं, असं त्याचं पक्कं मत होतं. दूधवाला, शिंपी, डॉक्टर, सख्खा मेहुणा, कोणीही त्यातून सुटला नव्हता. बायको म्हणायची, लग्नाच्या दिवशी ह्यांनी मलाही उजेडात धरून बघितलं असतं, पण चारचौघांत लाजले.

एकतीस वर्षं तो रस्त्याच्या खात्यात होता. शहरापासून गावापर्यंत येणाऱ्या त्या एकुलत्या एका रस्त्याचा शेवटचा तुकडा त्याच्या टोळीकडे होता. खड्डे बुजवायचे, मोऱ्या साफ करायच्या, आणि किलोमीटरच्या दगडांना चुना लावून वर काळ्या रंगात आकडे काढायचे. आकडे तो स्वतः काढायचा, दुसऱ्या कोणाच्या हातात ब्रश देत नसे. गावाच्या तोंडाशी त्याचा शेवटचा दगड होता. त्यावर शहराचं अंतर लिहिलेलं होतं, चारशे चौऱ्याण्णव. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी येताजाता तो त्या दगडावरची धूळ पुसायचा.

असा हा माणूस एका जिवावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचा. ती म्हणजे भिंगरी, त्याची लांब पायांची, अरुंद तोंडाची, पिवळसर शिकारी कुत्री. टोळीच्या तंबूत आलेलं पिल्लू त्यानं मांडीवर वाढवलं होतं. त्याच्या ताटातलं तिनं कधी ओढलं नाही आणि तिच्या वाटीतलं त्यानं कधी कमी केलं नाही. ती चालायला लागली की भलाभला माणूस वाट सोडून बघत राही. पहिल्यांदा तिला शहरातल्या डॉग शोमध्ये न्यायची कल्पना बेकरीवाल्या ताईंची.

बेकरीवाल्या ताई म्हणजे गावातल्या एकमेव बेकरीच्या मालकीणबाई. नवरा गेल्यावर भट्टी आणि ढग्या नावाचा करडा कुत्रा, एवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं. ढग्या भिंगरीच्याच जातीचा, आणि खरं सांगायचं तर तिच्याहून देखणा. त्या भागातून शोच्या क्लबात नाव नोंदवलेले दोनच कुत्रेवाले होते, ताई आणि मुकादम.

शोचा नियम साधा वाटायचा. तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन सर्टिफिकेटं मिळवा, कुत्र्याला चॅम्पियन म्हणून क्लबाच्या पुस्तकात जागा मिळेल. शहरातल्या लोकांना हे सोपं होतं. तिथं वर्षात सहा शो, सहा परीक्षक. सकाळी कुत्रा आंघोळ घालून न्यायचा, दुपारी घरी आणायचा. मुकादमाला मात्र एका शोसाठी दीड दिवस बसनं जावं लागे, कंडक्टरच्या विनवण्या कराव्या लागत, भिंगरीला पायाशी दाबून बसवावं लागे. वर्षातून एकदा जमलं तरी खूप. आणि त्याला जमणाऱ्या शोला बाहेरगावाहून बोलावलेला परीक्षक दरवर्षी बहुधा तोच असायचा. भिंगरीनं चार वर्षांत तीन सर्टिफिकेटं आणली, पण त्यांतली दोन एकाच चष्मेवाल्या परीक्षक बाईंची होती.

लांबच्या लोकांसाठी क्लबानं एक सवलत ठेवली होती. पाचशे किलोमीटरपलीकडे राहणाऱ्याला एकाच परीक्षकाची दोन सर्टिफिकेटं चालत. अंतर धरायचं ते रस्त्यावरच्या सरकारी दगडाप्रमाणे.

चार वर्षांपूर्वी तशाच तीन सर्टिफिकेटांवरचा ढग्याचा अर्ज ह्याच दगडावर आपटून परत आला होता. ताई तेव्हा कागद घेऊन मुकादमाकडेच आल्या होत्या, कारण दगडाबद्दल त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार? मुकादमानं कागद उजेडाकडे धरला आणि निकाल दिला. दगडात खोट नाही, खोट नियमात आहे. चारशे चौऱ्याण्णव हा आकडा बघूनच क्लबाच्या त्या सेक्रेटरीनं पाचशे ठरवलंय, आपल्याला बरोबर बाहेर ठेवायला. सेक्रेटरीच्या पुतणीकडेही अशीच कुत्री आहेत, हे त्यानं कुठूनसं ऐकलं होतं, तेही त्यानं जोडून दिलं. ताईंना ते पटलं. त्या दिवसापासून दोघांची चांगली गट्टी जमली. बेकरीच्या फळीशी उभं राहून, चहात खारी बुडवत, दोघं सेक्रेटरीचा उद्धार करायची. दोन वर्षांनी ढग्या गेला. ताईंनी त्याची तीन सर्टिफिकेटं काच लावून भट्टीशेजारच्या भिंतीवर टांगली.

आता भिंगरीचा अर्ज परत आला होता. कारण तेच, आकडा तोच. भिंगरी पावणेआठ वर्षांची होती. आठ पूर्ण झाली की म्हाताऱ्यांच्या वर्गात, तिथं चॅम्पियनकीला वाव नाही, आणि शोचा हंगाम संपून पुढचा शो पाच महिन्यांनी होता. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. कागदाच्या खाली बारीक अक्षरात एवढंच होतं, की अंतराबद्दल तक्रार असल्यास तीस दिवसांत पुराव्यासह कळवावी, आणि पत्रावर त्याच भागातल्या दुसऱ्या नोंदणीकृत सभासदाची सही असावी.

मुकादमाला त्या रात्री जेवण गेलं नाही. भिंगरी त्याच्या पावलांवर हनुवटी टेकून पडली होती आणि त्याला तिच्यासमोर लाज वाटत होती. एकतीस वर्षं आपण जगाला सांगत राहिलो शहर किती लांब आहे, आणि आपल्याच कुत्रीला सहा किलोमीटर कमी पडले. ह्यात डाव असणारच. विचार करता करता त्याला तो सापडलाही. गेल्या साली रस्ता रुंद करायला नवा ठेकेदार आला होता. त्यानं दगड उपटून परत बसवताना इकडचे तिकडे केले असणार. आणि ठेकेदार शहरातला, म्हणजे सेक्रेटरीच्या ओळखीचा असणार. बायकोनं विचारलं, की त्या सेक्रेटरीला दुसरी कामं नाहीत का? तर मुकादम म्हणाला, "असल्या लोकांना हेच काम असतं."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून मोजणीचं चाक काढून तो सकाळच्या बसमध्ये बसला. ते चाक निवृत्त होताना खात्याला परत करायचं राहून गेलं होतं, असं तो म्हणायचा. खिडकीशी बसून त्यानं एकेक दगड तपासला. शंका आली तिथं बस थांबवायला लावली, उतरून चाक फिरवलं. उतारू कुरकुरले, पण ड्रायव्हर जुन्या ओळखीचा होता. प्रत्येक दगड जिथल्या तिथं निघाला. ठेकेदारानं वीतभरही इकडे तिकडे केलं नव्हतं. ह्यानं मुकादमाला बरं वाटायच्याऐवजी अधिकच संशय आला.

मग घाट लागला. अकरा वर्षांपूर्वी इथं डोंगर खाली आला होता आणि जुना रस्ता बंद करून वळसा काढला होता. ह्या वळशाला सगळे ड्रायव्हर रबरी घाट म्हणत. इथं दोन दगडांमधलं अंतर संपता संपत नाही, अशी त्यांची जुनी थट्टा होती. बसचा मीटर कधीचाच बंद पडलेला, त्यामुळे थट्टेची शहानिशा कोणी केली नव्हती.

"मुकादम, आले तुमचे रबरी किलोमीटर," ड्रायव्हर म्हणाला. "हे कसे हो ताणलेत तुम्ही?"

सगळे हसले. मुकादमही हसायला गेला आणि तोंड उघडं ठेवून तसाच राहिला.

कारण ते त्यानंच ताणले होते. जुना रस्ता आठ किलोमीटरचा होता, वळसा सतराचा. नियमानं पुढचे सगळे ब्याऐंशी दगड गावापर्यंत नव्यानं रंगवायला हवे होते. ओव्हरसियरनं तसा हुकूमही दिला होता. पण मुकादमाला त्यात डाव दिसला. जुना रस्ता वर्षभरात पुन्हा उघडतील, मग हेच दगड परत पहिल्यासारखे करायला लावतील, आणि शाबासकी घेईल ओव्हरसियर. आपल्याला दोनदा राबवायचा बेत आहे, असं त्यानं टोळीला सांगितलं. मग जुन्या रस्त्यावरचे मधले सात दगड त्यानं गाडीत घातले आणि वळशावर सारख्या अंतरानं पसरून टाकले. पुढच्या एकाही दगडाला हात लावावा लागला नाही. रजिस्टरवर त्यानं सही केली, मोजणी बरोबर. जुना रस्ता काही उघडला नाही. ओव्हरसियरची बदली झाली. खोटं इतकं जुनं झालं, की मुकादमालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

तो उतरला आणि सतरा किलोमीटर चाक ढकलत पायी चालला, उन्हात, टाच सोलून निघेपर्यंत. न मोजताही आकडा त्याला ठाऊक होता. पण स्वतःवरही त्याचा विश्वास नव्हता, हे एक बरं म्हणायचं. सतरा म्हणजे सतराच भरले. चारशे चौऱ्याण्णव अधिक नऊ. गाव शहरापासून पाचशे तीन किलोमीटरवर होतं, आणि अकरा वर्षं होतं.

परतीच्या बसमध्ये त्याला आधी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. भिंगरी चॅम्पियन झाली होती. मग ढग्या आठवला, आणि गाव येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला.

घरी बसून त्यानं पत्र लिहिलं. दोन कागद फाडले, तिसरा जमला. त्यात लिहिलं होतं, की खात्याच्या चुकीमुळे दगडांवरचे आकडे नऊ किलोमीटरनं कमी आहेत, सोबत मोजणी जोडली आहे. खात्याच्या चुकीमुळे, हे काही खोटं नव्हतं. तो खात्यातच होता. बायकोनं वाचलं आणि कोणाची चूक म्हणून विचारलं. मुकादम म्हणाला, ते विचारायचं क्लबाचं काम आहे.

दुपारी बेकरीत गिऱ्हाईक नव्हतं. ताई पाव भाजायच्या पत्र्यांना तेल लावत होत्या. भिंगरी नेहमीसारखी फळीखाली जाऊन बसली. मुकादमानं पत्र पुढे केलं आणि एवढंच सांगितलं, की आकडा चुकीचा निघाला, तुमची सही हवी.

ताईंचा चेहरा खुलला. "बघा, मी म्हणतच होते," त्या म्हणाल्या, "लबाड आहेत मेले." पदराला हात पुसून त्यांनी पेन मागितलं. पत्राकडे त्यांनी पाहिलंदेखील नाही. वाचून घ्या, असं मुकादम कसंबसं म्हणाला.

"वाचायचं काय त्यात? तुम्ही लिहिलंय ना."

पेन कागदाला टेकलं होतं. मुकादमाची नजर ताईंच्या खांद्यावरून भिंतीवर गेली, काचेतल्या तीन कागदांवर. आयुष्यात इतक्या जणांनी आपल्याला फसवल्याचा हिशोब त्यानं मनात ठेवला होता, पण डोळे झाकून कोणी आपल्यावर असा भरवसा टाकलेला त्याला आठवेना.

"ताई, सही करू नका," तो म्हणाला.

आणि त्यानं सगळं सांगितलं. सात दगड, वळसा, ओव्हरसियर, रजिस्टर. सांगताना मध्ये एकदा, ओव्हरसियरही तसा चलाख माणूस होता, असं त्याच्या तोंडून निघालं. मग ते त्याचं त्यालाच ऐकवेना.

ताईंनी पेन खाली ठेवलं. उरलेल्या दोन पत्र्यांना तेल लावलं. एक मुलगी पाव न्यायला आली, तिला पाव बांधून दिला. मग त्या परत फळीशी आल्या.

"चार वर्षांपूर्वी तुम्ही इथंच उभे होतात. दगडाबद्दल काय म्हणाला होतात?"

"खोट दगडात नाही, म्हणालो होतो."

"आणि मी चार वर्षं त्या सेक्रेटरीला शिव्या घातल्या."

"माझ्या होत्या त्या," मुकादम म्हणाला.

ढग्या शेवटच्या हिवाळ्यात उठू शकत नव्हता तेव्हा मुकादमच त्याला उचलून उन्हात ठेवायला यायचा. ते दोघांनाही आठवलं असणार. त्यामुळे सोपं काहीच झालं नाही.

"परत लिहा," अखेर त्या म्हणाल्या. "इथंच बसून. चूक कोणाची तेही लिहा, आणि ढग्याचंही लिहा. तो नाहीये आता, ते त्यांना नका कळवू असं मी म्हणत नाही. कळवा. पण त्याचं नाव त्या पुस्तकात गेलं पाहिजे."

मुकादम पिठाच्या डब्यावर बसून लिहू लागला. मोजणीत फेरफार मी केला, असं त्यानं लिहिलं, आणि खाली आपलं पूर्ण नाव, हुद्दा, जुना बिल्ला क्रमांक. ताईंनी ढग्याच्या तिन्ही सर्टिफिकेटांचे क्रमांक सांगितले, भिंतीकडे न बघता.

लिहून झाल्यावर त्यानं कागद पुढे केला आणि पेनही. ताईंनी पेन घेतलं नाही. कागद घेतला, एकेका ओळीखाली बोट ठेवत वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. तेवढ्यानं भागेना म्हणून दाराशी गेल्या, कागद उजेडाकडे धरला, आणि उलटा करून पाठीमागची कोरी बाजूही पाहिली. मुकादम उभा राहून बघत होता. असं कोणी बघितलं की माणसाला कसं वाटतं, हे त्याला ह्या वयात पहिल्यांदा कळत होतं, आणि ते फार वाईट होतं.

ताईंनी सही केली. शाई वाळू दिली, कागद पाकिटात घातला. पाकीट घेण्यासाठी त्यानं हात पुढे केला.

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "पोस्टात मीच टाकते."