तुमच्या खोलीतला शॉवर

बाळांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू एकटी असतेस, मग आमच्या बाथरूममध्ये पाण्याचा आवाज कसला?" म्हणून हे लिहिते.

आमच्या इमारतीचं पाणी सांभाळणारे अण्णा इथून जवळच्या आनेकल गावातल्या जुन्या मराठी घरातले, त्यांच्या बोलण्यात कानडी शब्द येतात. दर सोमवारी ते थर्मामीटरने गरम पाणी तपासतात, वापरात नसलेले नळ पाच मिनिटं सोडायला लावतात आणि वहीत टिपतात. साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात. शॉवरच्या तुषारांतून छातीत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो.

टँकरच्या या शहरात पाणी सोडून देणं माझ्या जिवावर येई. तुमच्या शॉवरला धूळ बसू नये म्हणून पिशवी बांधून मी अण्णांना दारातूनच सांगायची, "सोडलं हो पाणी."

एका सोमवारी ते आत आले. पिशवी पाहून म्हणाले, "अज्जी, पोरं आल्या आल्या ह्याच्याखालीच उभी राहणार ना? स्वल्प, जरा बाहेर थांबा." तोंडाला मास्क लावून त्यांनी पाणी सोडलं. ते पिवळट आलं. मग वहीत माझ्या नावापुढे गेल्या चार सोमवारी लिहिलेल्या 'सोडलं'वर त्यांनी काट मारली आणि लिहिलं, 'सोडलं नाही'.

तुमच्या खोलीत अजून कोणी राहत नाही. पाणी मात्र दर सोमवारी वाहतं.