हिरव्या बंडीतला एक सामना

मध्यंतरी एक ईमेल आला. आमच्या जुन्या लीगचा इतिहास कुणा उत्साही माणसानं लिहून काढला होता आणि जुन्या खेळाडूंना वाचायला पाठवला होता. लीग ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, आणि तीही जर्मनीतली. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. माइन आणि नेकार या दोन नद्यांच्या काठचे मिळून चार क्लब, म्हणजे अख्खी लीग एका बसमध्ये मावली असती. मी आधी अर्थातच स्वतःचं नाव शोधलं. माणूस दुसरं काय करणार! तीन क्लबांच्या याद्यांत माझं नाव आहे, आणि नावापुढे चांगले घसघशीत सामने आहेत. माझ्या स्वतःच्या क्लबच्या यादीत मात्र अगदी तळाशी मी, आणि पुढे आकडा आहे: एक.

बायकोला दाखवलं तर ती हसून हसून बेजार झाली. पण आकडा बरोबर आहे. लिहिणाऱ्याची काही चूक नाही.

मी तेव्हा र्युसेल्सहाइमला होतो. गाड्यांच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या डिझाइन करायचो. तुम्ही दार उघडता, लावता, कधी बिजागरीचा विचार तरी करता का? जाऊ दे. टेस्टिंगला एक ऑस्ट्रेलियन होता. एकदा कँटीनमध्ये त्याच्या ट्रेवरून सफरचंद घरंगळलं आणि मी ते जमिनीपासून वीतभर वर एका हातानं झेललं. पुण्यात गल्लीत क्रिकेट खेळून वाढलेला माणूस मी, हात आपोआपच गेला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू जावईच सापडला. तो आमच्या क्लबचा कॅप्टन. पुढच्याच शनिवारी मी मैदानावर.

खेळ सांगतो थोडक्यात. चेंडू पपईच्या आकाराचा. हातात धरायचा, पायानं मारायचा, आणि जवळच्या माणसाला द्यायचा असेल तर मुठीनं ठोसा मारून द्यायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून पायानं मारलेला चेंडू गेला की सहा गुण, बाजूनं गेला की एक. गोलकीपर वगैरे लाड नाहीत. मैदान खरं तर क्रिकेटच्या मैदानासारखं लंबगोल लागतं, ते जर्मनीत कोण देणार? आम्ही सॉकरची दोन मैदानं जोडून चुन्यानं हद्द आखायचो आणि प्लंबिंगचे पाइप उभे करून खांब करायचो.

आणि या लीगची एक रीत होती. दोन्ही बाजूंना माणसं सारखी हवीत. समोरचा क्लब कमी माणसांनी आला, आणि तो नेहमीच यायचा, तर ज्याच्याकडे जास्त असतील त्यानं आपला माणूस द्यायचा. त्या माणसानंही समोरच्यांची बंडी चढवून आपल्याच लोकांविरुद्ध जीव तोडून खेळायचं. बंडीच म्हणतो मी, कारण या खेळाची जर्सी बिनबाह्यांची असते. पहिल्या सामन्यात कॅप्टननं मला दिलं. नवा होतो, वाईट वाटलं नाही. दुसऱ्या सामन्यात मला दिलं. तिसऱ्या सामन्यात समोरच्यांनी न विचारताच माझ्या मापाची बंडी बाहेर काढून ठेवली.

अशी चार वर्षं गेली. आमची हिरवी बंडी मी फक्त मंगळवारच्या सरावाला घालायचो. शनिवारी लाल, पिवळी, नाही तर निळी, बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या घामानं ओली. नेकारकडचे लाल बंडीवाले मला आपला माणूस समजून वाढदिवसाला फोन करायचे. बायको शनिवारी सकाळी तिखटमिठाच्या पुऱ्या तळता तळता विचारायची, "अहो, आज कुणाकडे देणारेत तुम्हाला? साखरेची वाटी तरी शेजारीण कधीमधी घरी ठेवते!"

हसायचो मी. पण खरं सांगतो, आत कुठेतरी लागायचं. ज्याच्यावाचून अडत नाही त्यालाच माणूस देऊन टाकतो, एवढं न कळायला मी दूधखुळा नव्हतो. ऑफिसातही मी दुसऱ्या कंपनीकडून आलेला कंत्राटी माणूस. दरवर्षी राहण्याचा परवाना वाढवायला परदेशी लोकांच्या कचेरीत, त्या आउसलेंडरबेहोर्डच्या बाकावर नंबर घेऊन बसायचं. कुठेतरी एका ठिकाणी, निदान एका चिखलाच्या मैदानात तरी, 'हा आमचा' असं कुणी म्हणावं, एवढीच हाव होती. ती कुणाला बोलून दाखवायची लाज वाटायची.

चौथ्या सीझनला माझं कंत्राट संपलं. पुण्याची नोकरी ठरली, भाड्याचं घर सोडायची नोटीस दिली, राटहाउसला, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन गाव सोडत असल्याची नोंदही केली. मग मात्र मी लाज सोडली. कॅप्टनला कँटीनमध्ये गाठलं आणि म्हटलं, "शेवटचा सामना मला हिरव्या बंडीत खेळायचाय. एकच. दुसरं काही मागत नाही."

तो म्हणाला, "तू चार वर्षं हे बोलला का नाहीस? आम्हाला वाटायचं तुला आवडतं म्हणून."

कपाळ माझं!

शेवटचा सामना लाल बंडीवाल्यांशी. आम्ही अकरा, तेही अकरा, असं त्यांनी फोनवर पक्कं कळवलं होतं. मी सकाळपासून हिरवी बंडी घालून बसलो होतो, बायकोनं पुऱ्यांचे तीन डबे भरले होते. आणि त्यांच्या गाड्यांतून उतरले नऊ जण. दोघांना कारखान्यात शनिवारची शिफ्ट लागली होती. म्हणजे आमच्यातला एक गेला की दहा-दहा.

सवयच ती, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. आणि माझीही सवयच, माझे हात बंडीच्या खालच्या कडेला गेले. अर्धी वर ओढलीसुद्धा होती. तेवढ्यात हद्दीबाहेरून बायको ओरडली, "अहो! काढू नका ती! खबरदार!"

मराठी कुणाला कळलं नाही, आवाज कळला. कॅप्टननं स्वतःची हिरवी बंडी काढून माझ्या खांद्यावर टाकली, लालवाल्यांकडे गेला आणि त्यांची बंडी चढवली. कॅप्टन स्वतः! आमच्यातला सगळ्यात लांब किक मारणारा माणूस. एका बिजागरीवाल्यासाठी.

मी खेळलो. काय खेळलो म्हणता! पहिला अर्धा तास कुणी माझ्याकडे चेंडूच दिला नाही, मग एकदा दिला, मी तो झेलला, आणि मागून कुणीतरी माझ्या नावानं ओरडलं. आमचा बचावाचा मुख्य गडी एक हायझुंगवाला, म्हणजे घरांचे हीटर बसवणारा. दारात उभा राहिला तर दार दिसू नये असा देह. मितभाषी. चार वर्षांत मला फक्त येताना 'हालो' आणि जाताना 'च्यूस' म्हणाला असेल. त्या दिवशी त्यानं माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी दोन पावलं पुढे गेलो. सुख वाटलं हो.

शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. चेंडू आमच्याच खांबांसमोर आला, उसळला, आणि माझ्या हातात. फक्त धरून ठेवायचा होता. किंवा आपल्या माणसाला द्यायचा. आपला माणूस, तो हायझुंगवाला, हात पसरून माझ्याकडे धावत येत होता.

पण चार वर्षं अंगावर धावून येणारी हिरवी बंडी म्हणजे माझा शत्रू होता ना! डोक्यानं विचार करायच्या आत अंग वळलं. मी त्याला असा काही चकवला, असा झकास चकवला, की तो गुडघ्यांवर पडला. आणि पलीकडे लाल बंडी दिसली. लाल म्हणजे आपला. मी मुठीनं चेंडू त्याला दिला. अगदी अचूक, छातीच्या उंचीवर.

लाल बंडीत कॅप्टन होता. दिलेला माणूस प्रामाणिकपणे खेळतो, हीच तर रीत. त्यानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, किक मारली, मधल्या खांबांतून सहा गुण, आणि मग स्वतःच डोकं धरून खाली बसला. भोंगा वाजला. आम्ही तीन गुणांनी हरलो.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. एक सामना मागून घेतला आणि तोही घालवला. हायझुंगवाला उठला, गुडघ्यांना चिखल तसाच, आणि तरातरा माझ्याकडे आला.

"आंधळा आहेस का तू?" तो गरजला. त्याचं ते हेसन प्रांताकडचं जर्मन, अर्धं मला कळत नव्हतं. "मी एवढा मोठा समोर! एवढा! आपल्या खांबांसमोर! गाढवा, चेंडू हातात असताना!" मागून दुसरा आला, मग तिसरा. सगळे एकदम बोलायला लागले, हातवारे करून, माझ्या तोंडासमोर. बायको पुऱ्यांचा डबा तसाच हातात घेऊन धावत आली. "अहो, काय म्हणतायत हे? मारणार आहेत का तुम्हाला?"

"शिव्या देतायत गं," मी म्हटलं. "मला! शिव्या देतायत मला!"

चार वर्षांत मला कुणी ओरडलं नव्हतं. मी सोपे झेल सोडले, उलट्या दिशेनं धावलो, तरी लाल, पिवळे, निळे सगळे खांदा थोपटून 'छान प्रयत्न, आभारी आहोत' म्हणायचे. पाहुण्याला कोण ओरडतं? ओरडतात ते घरच्याला. आज माझे आभार मानायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. माझे डोळे घळाघळा वाहायला लागले, भर मैदानात, आणि मला जरासुद्धा लाज वाटली नाही.

हायझुंगवाला घाबरला बिचारा. "आल्झो... म्हणजे, तसं नाही, मी..." म्हणत मागे सरकला.

"थांबू नकोस," मी म्हटलं. "बोल अजून."

त्याला काही कळेना. त्यानं बायकोच्या डब्यातली एक पुरी घेतली, खाल्ली, माझ्याकडे बघून मान हलवली. मग माझ्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "मंगळवारी सगळ्यांच्या अर्धा तास आधी यायचं. तुला नीट पास द्यायला शिकवतो. पुढच्या सीझनला असलं काही चालणार नाही. कळलं?"

सोमवारी दुपारी आमचं विमान होतं. त्याला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. रागाच्या भरात तो विसरला होता.

"कळलं," मी म्हटलं. "येतो."