‘समजलं का?’ असं विचारल्यावर

साहेबांनी माझा कागद उंच धरला आणि आमच्या गावच्या हेलात मोठ्याने वाचायला लागले. "पट्टा सरकला तं दोनी हात आडवं पसरा. लाजायचं नाय." मग कागदावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "हे ट्रेनिंग हाय का गावची मीटिंग?"

ऑफिस हसलं. मीही हसले. घाबरून हसले.

कळंबोलीत लोखंडाच्या एका गोदामात मी ट्रेनिंगचं काम बघते. क्रेनखाली काम करणाऱ्या नव्या माणसांना शिकवायचं. शिकवायचं म्हणजे हेड ऑफिसच्या इंग्रजी स्लाइड भिंतीवर दाखवायच्या. शेवटी साहेबांनी विचारायचं, समजलं का? सगळ्यांनी म्हणायचं, हो सर. मग समोसा, बॅनरपुढे फोटो, आणि जेवणानंतर थेट क्रेनखाली.

ते ‘हो सर’ माझ्या ओळखीचं आहे. नेऱ्याकडच्या मराठी शाळेतून मी पनवेलच्या कॉलेजात आले. त्या कॉलेजचे उपकार विसरणार नाही. पण तिथे काही न कळता मी मान हलवत राहिले. मोठ्या माणसाला ‘कळलं नाही’ म्हणणं आमच्याकडे उद्धटपणा. घरातली पहिली पदवी माझी. बाबा ती भिंतीवरून काढून पाहुण्यांच्या हातात देतात. नोकरी गेली तर त्यांना काय सांगू, ही भीती पोटात कायमच.

तरी तो कागद लिहिला होता. स्लाइड कमी करा. माणसांना यार्डात न्या. लोखंड उचलायचा पट्टा त्यांना बांधू द्या, क्रेन त्यांना थांबवू द्या. आपल्या बोलीत सांगा. समजलं का विचारू नका, करून दाखवा म्हणा.

साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला. "तू स्लाइड बदल. डोकं आम्ही लावू."

मी स्लाइड बदलल्या. पुढच्या ट्रेनिंगच्या शेवटी साहेबांनी विचारलं, समजलं का? हो सर, सगळे म्हणाले. पुढच्या रांगेत आमच्या गावाकडचे एक काका होते. मान हलत होती, डोळे रिकामे. माझाच कॉलेजातला चेहरा. थोड्या वेळाने याच डोक्यावरून लोखंड जाणार होतं.

मी पुढे होऊन म्हणाले, "काका, क्रेन थांबवायची खूण करून दाखवा."

काका उठले. साहेबांकडे बघितलं. आणि हात जोडले.

मागे कुणीतरी हसलं. या वेळी मी हसले नाही.

"बस खाली," साहेब मला म्हणाले.

"नाय सर. आमी आदी यार्डात शिकणार. मंग क्रेन."

"माझ्या एका फोनवर घरी बसशील."

पण मी दाराकडे चालू लागले, आणि मागे खुर्च्या सरकल्या. यार्डात काकांनी दोन्ही हात आडवे पसरले. क्रेन थांबली. काकांनी पुन्हा करून बघितलं.

साहेबांचा फोन अजून झालेला नाही. ऑफिसात कुठलीही घंटी वाजली की वाटतं, झाला फोन. होऊ दे. मी इथे आहे तोवर नुसत्या ‘हो सर’वर एकही माणूस क्रेनखाली जाणार नाही.