खिडकीपाशची चार मिनिटं

आगाशे मॅडमची आणि माझी पहिली भेट मुलाखतीत झाली. मी अमरावतीहून नुकतीच कर्वेनगरात राहायला आले होते. मॅडमनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि विचारलं, "आपल्याला वाट बघायला आवडतं का?" मी म्हटलं, "नाही." "उत्तम. इथे लोक वाटच बघत असतात. ती कमी करायची, एवढंच काम आहे."

काम होतं एका धर्मादाय रक्तपेढीच्या संगणकाचं. शहरभरच्या केंद्रांतली प्रत्येक पिशवी त्यात नोंदलेली. कोणत्या गटाचं रक्त कुठे आहे, हे शोधणारी क्वेरी, म्हणजे संगणकाला दिलेली शोधाची आज्ञा, फार रेंगाळायची. ती मी नव्याने लिहिली. मॅडमनी विचारलं, "खऱ्या नोंदींवर चालवून पाहिलीस ना?" मी बेधडक "हो" म्हणाले. साफ खोटं! माझ्या लॅपटॉपवरच्या पन्नास नोंदींवर ती पळाली होती, तेवढ्यावरच मी खूश होते.

सोमवारी नवी क्वेरी सुरू झाली. सकाळी अकराला खिडकीशी एक गृहस्थ डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. पत्नीचं बाळंतपण, रक्तस्राव थांबेना. ओ निगेटिव्ह हवं. मुख्य केंद्रात नव्हतं. क्लार्क पवारकाकांनी बाकीच्या केंद्रांत शोध सुरू केला. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. एक मिनिट. दोन. काकांना वाटलं, अडकलं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. शेजारच्या टेबलांवरही तेच. दर वेळी नवा शोध सुरू, आणि प्रत्येक शोध वापरून संपलेल्या पिशव्यांसकट सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचत बसलेला. "अहो, काहीतरी बोला ना!" गृहस्थ खिडकीचा गज धरून म्हणाले. माझी पाचावर धारण बसली.

मॅडम आतून आल्या. "सगळ्यांनी हात वर करा! बटणाला कोणी शिवायचं नाही." पवारकाकांसकट सगळ्यांचे हात वर. मग मला म्हणाल्या, "आधी पिशवी, मग क्वेरी. फोन उचल, एकेका केंद्राला विचार." विश्रांतवाडीत नव्हतं. धायरीत होतं. गृहस्थ चिठ्ठी घेऊन धावत सुटले, तोवर चार मिनिटं गेली होती.

नंतर मॅडमनी साचलेले शोध बंद केले आणि माझी क्वेरी उघडली. नोंदींत रक्तगट लिहिताना झालेल्या टंकलेखनाच्या चुका माझी क्वेरी शोधताना सुधारत होती. दर वेळी, प्रत्येक नोंदीला. त्यांनी ती सुधारणा नोंद करतानाच लावली आणि शिल्लक पिशव्यांची गटवार सूची केली, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. "तांदूळ निवडून डब्यात भरतात, बाई. पंगत बसल्यावर निवडायला घेत नाहीत." दुपारपर्यंत शोध क्षणात लागू लागला.

संध्याकाळी विश्वस्तांनी बैठकीत विचारलं, "चूक कोणाची?" मी उठणार, तोच मॅडम म्हणाल्या, "माझी. मी विचारलं, पाहिलं नाही." बाहेर आल्यावर मला रडू फुटलं. "रडणं नंतर. आधी त्या रुग्णालयात फोन कर." मला रिसीव्हर उचलवेना. शेवटी नंबर त्यांनीच फिरवला, ऐकलं आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. मायलेकी सुखरूप होत्या. त्यानंतर मी मॅडमशी कधी खोटं बोलले नाही.

आज मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. "शाल द्यायचीच असेल, तर घरी धुता येईल अशी द्या," असं त्यांनी आम्हाला आधीच बजावलं आहे.

मॅडम, आपल्याला दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो. चिठ्ठी घेऊन त्या खिडकीशी उभं राहायची वेळ आपल्यावर कधीच न येवो. आलीच, तर आपल्याला ताटकळावं लागणार नाही. आज सकाळीच मी क्वेरी चालवून पाहिली आहे. खऱ्या नोंदींवर.