वळणावर फोडलेलं मडकं

ज्या साली सगळं जग बंद पडलं, त्या साली आम्हीही आमच्या पाड्याची वाट बंद केली. पेरणीआधी जमीन भाजतात त्या राबासाठी शेतात ऐनाच्या फांद्या तोडून ठेवल्या होत्या. त्याच ओढून आणल्या नि वाटेत आडव्या टाकल्या. दिवसा राखणीला बायका बसायच्या. माझी पाळी जावेबरोबर असायची.

जावेकडे मोबाईल होता. त्यात मोठमोठ्या शहरांचे रिकामे रस्ते दिसायचे, नि हायवेनं डोक्यावर बोचकी घेऊन चाललेली माणसं. “बघ, आजार कसा चालत येतोय,” जाऊ म्हणायची. मी त्या माणसांची तोंडं निरखायची. माझी थोरली बहीण भिवंडीकडे वीटभट्टीवर होती. तिला मी बाय म्हणते. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं.

एका दुपारी ती वळणावर दिसली. भट्टीवरची बाकीची माणसं डांबरी रस्त्यानं पुढे गेली होती. तिचं सासर पोशेऱ्याच्या पलीकडे. आमच्या पाड्यातून पायवाट जवळची, नाहीतर नदीत उतरून समोरचा डोंगर चढायचा. तिचे पाय सुजले होते. तोंडाला पदर बांधला होता.

“वाट काढ गं,” ती म्हणाली. “आज टेकते. उद्या जाईन.”

मी जावेकडे पाहिलं.

“कुणाला सोडायचं नाही असं ठरलंय,” जाऊ म्हणाली. “परवा माझ्या भावालाही परत लावलं.”

“पडवीत पण नको? तिथं तर कोंबड्या झोपतात.”

“कोंबड्या भिवंडीला गेल्या नव्हत्या.”

बाय हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तू सांग.”

मला चारचौघांत बोलता येत नाही. लहानपणी माझं सगळं तीच बोलायची, शाळेत नाव सांगायलाही. त्या दिवशीही मी थांबून राहिले, की माझ्या वतीनं तीच काही बोलेल.

“पानी तरी दे,” ती शेवटी म्हणाली.

आमचं प्यायच्या पाण्याचं मडकं मी फांद्यांपलीकडे ठेवलं नि मागं सरले. ती तोंड लावून घटाघटा प्यायली. मडकं खाली ठेवलं, बोचकं उचललं नि नदीच्या वाटेला लागली.

“ते आता घरात नेऊ नको हां,” जाऊ म्हणाली.

ती एवढंच म्हणाली होती. मडकं तिथंच राहू दिलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या घरात तान्ही मुलगी होती, नि येता-जाता कुणी त्याला तोंड लावील अशी भीती मनात बसली. मी दगड घेतला नि मडकं फोडलं.

बाय अजून वळणावरच होती. आवाजानं तिनं मागं पाहिलं. आमच्यात माणूस गेलं की त्याच्यासाठी मडकं फोडतात. तिनं माझ्या हातातला दगड पाहिला. मग पदर नीट केला नि उतरून गेली.

पावसाळ्यात जावेनं पुन्हा मोबाईल दाखवला. कुठल्याशा दूरच्या देशात लोक पुतळ्याला दोर लावून ओढत होते. पोलिसांच्या तोंडासमोर बायका ओरडत होत्या.

“सगळं जग उलटंपालटं झालंय,” जाऊ म्हणाली.

मी त्या बायकांकडे बघत राहिले. मला एक फांदी बाजूला करता आली नव्हती.

बायला आजार नव्हताच. तेव्हाही नाही, पुढेही नाही. फांद्याही कधीच निघाल्या. पण भर दुपारी त्या वळणावरून पुढे आले की पाठीवर कुणाची तरी नजर जाणवते. मी वळून बघत नाही. घरात एखादं भांडं फुटलं की आधी माझ्या हाताकडे बघते.

मागल्या साली ती आमच्याकडे नाचणी झोडायला आली. दुपारपर्यंत उन्हात झोडत होती, जावेची चेष्टा करत होती. भाकरी खाल्ली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

“तहान नाही,” ती म्हणाली. थोड्या वेळानं पिशवीतून आपली बाटली काढून प्यायली.

संध्याकाळी तिला जीपपर्यंत सोडायला गेले. तुला मी मेलेली धरलं नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. सकाळपासून मनात किती वेळा म्हटलं होतं. ती मागच्या फळीवर बसली. जीप अजून भरायची होती. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“बोल की,” ती म्हणाली.

“नीट जा,” मी म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली, नि शेजारच्या बाईला सरकायला लावून आत, मला दिसणार नाही अशी बसली.