परीघ मोजायचे दिवस

मास्तरकी सोडून बरीच वर्षं झाली. शाळेचे किस्से मी कधी गोळा केले नाहीत, ते आपोआप साचत गेले. आजही चार मंडळी जमली की मला गणित कुणी विचारत नाही, "ते वर्तुळाचं सांगा" म्हणतात. तर सांगतो.

म्हैसूर संस्थानातली मिडल स्कूल. मी तिथं हंगामी मास्तर, म्हणजे आज आहे, उद्या नाही. वर्षअखेरीस इन्स्पेक्टर येणार, वर्तुळाच्या धड्यावर वर्गाला प्रश्न विचारणार, आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. घरी लग्नाची बहीण होती. 

शिकवणं कन्नडात. पण निम्मी पोरं आपल्या मराठी घरांतली. मास्तरला कन्नडात म्हणतात तसं मला "मेष्ट्रे" म्हणायची आणि घरच्यासारखी बोलायची.

*

पहिल्या दिवशी मैदानात दोरीनं वर्तुळ काढलं. केंद्रावर खंडूला उभं केलं. खंडूचे आजे-पणजे सगळे म्हैसूरच्या फौजेतले. त्याला बजावलं, "केंद्र हललं की वर्तुळ बिघडलं!" दुसऱ्या पोरानं दोरी ताणून फेरी मारली, परीघ झाला, घंटा वाजली, आम्ही आत आलो.

तासाभरानं खिडकीतून बघतो तर खंडू उन्हात तसाच ताठ!

"अरे, आत का आला नाहीस?"

"तुम्ही सोड म्हणालाच नाही, मेष्ट्रे!"

*

पांडू शिंप्याचा पोरगा. खिशात कायम बापाचा टेप. सात इंच व्यासाचं ताट देऊन म्हटलं, परीघ मोज. बावीस यायला हवा. पांडूचा आला साडेतेवीस! पुन्हा मोजायला लावलं, पुन्हा साडेतेवीस. शेवटी मीच टेप लावला. बावीसच.

"दीड इंच कुठनं आणलास?"

"शिवणीला नको काय, मेष्ट्रे? नेमकं धरलं तर उसवतंय, अल्लवा? होय का नाही?"

ताट शिवायचं नसतं, हे त्याला पटायला आठवडा गेला.

*

मग परिघाला व्यासानं भागायचं आलं. पोरांनी बांगडी मोजली, उखळ मोजलं, देवळाजवळची विहीर मोजली. सगळीकडे उत्तर एकच, तीन आणि वर थोडं. खंडूला रागच आला.

"एवढी थोरली विहीर, तिला पण तीनच? हा न्याय काय, मेष्ट्रे?"

 

*

फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास शाळेत एकच, तोही हेडमास्तरांच्या कपाटात. दर दसऱ्याच्या आयुधपूजेला त्याला गंध, कुंकू, फुलं. वर्षानुवर्षांचं गंध बिजागरीत बसून कंपास नऊ इंचांवर घट्ट आवळला होता. उघडेना, मिटेना! हेडमास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "पूजेतली वस्तू आहे. जोर करू नका."

त्यामुळे आमच्या शाळेत जे वर्तुळ निघे ते नऊ इंचांचं. चाचणीत विचारलं, "त्रिज्या म्हणजे काय?" निम्म्या वर्गानं लिहिलं, "नऊ इंच."

*

आणि इन्स्पेक्टरसाहेब आले. बंद गळ्याचा कोट, जरीचा पेटा, देह चांगला भरलेला. शेजारी हेडमास्तर हात जोडून. मी घामाघूम. साहेबांनी नेमकं पांडूला उठवलं आणि कन्नडात म्हणाले, "इथली कुठलीही गोल वस्तू घे. परीघ मोज, व्यास काढ."

पांडूनं वर्गभर नजर फिरवली. बाक चौकोनी, फळा चौकोनी, खिडक्या चौकोनी. त्यानं टेप काढला आणि मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत साहेबांच्या कमरेभोवती फिरवलासुद्धा!

"चव्वेचाळीस!" दुकानात बाप ओरडतो तसा तो ओरडला. "व्यास चौदा!"

गणित चोख होतं. पण मला वाटलं, आपण आता गाशा गुंडाळावा.

पांडू टेप गुंडाळता गुंडाळता थांबला. "पण साहेब, हे चौदा खरं नव्हे."

"का?"

"वर्तुळात केंद्रापासून चारी बाजूंना अंतर सारखं पाहिजे. तुमचं पुढं जास्त आहे!"

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी शेरेबुक मागवलं, बराच वेळ लिहिलं, माझ्या हातात दिलं आणि निघून गेले. मी तिथंच उघडून वाचलं:

"वर्तुळाची व्याख्या वर्गास उत्तम समजली आहे. मास्तरांस कायम करावे. उदाहरण बदलावे."